सेवा म्हणू नका, श्रम म्हणा : स्वमग्न मुलांच्या उपचारकांचा प्रश्न

(१)

श्रमाचा प्रश्न हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, ही जाणीव आपल्याला चळवळीने दिली. गिरणीतला बदली कामगार, नगरपालिकेचा सफाई कामगार, शेतावरचा मजूर यांच्या कामाविषयी आपण बोलत आलो. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत श्रम करणाऱ्यांचा एक नवा वर्ग उभा राहिला आहे आणि त्याच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. स्वमग्न मुलांवर उपचार करणाऱ्या व्यक्तींचा, म्हणजे ज्यांना सर्वजण थेरपिस्ट म्हणतात त्यांचा, हा वर्ग आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. अलीकडे आपल्या वाड्यांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलीही त्यांत दिसू लागल्या आहेत.

मी रत्नागिरी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. दिव्यांगत्वाचा दाखला, शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती अशा कामांसाठी पालकांबरोबर कचेऱ्यांचे आणि रुग्णालयांचे उंबरठे झिजवताना या उपचारक मुलींशी माझा परिचय झाला. त्यांच्या कामाची परिस्थिती जसजशी कळत गेली, तसतशी एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. या मुलींच्या नोकरीची अस्थिरता हे त्यांचे खाजगी गाऱ्हाणे नाही. ती अस्थिरता थेट मुलाच्या उपचारात शिरते आणि तिची सर्वांत मोठी किंमत गरीब, बहुजन घरातले मूल मोजते. प्रस्तुत लेखात हेच मांडावयाचे आहे.

(२)

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय ते पाहू. ही मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. ती जन्मापासून असते आणि तिच्या खुणा बहुधा पहिल्या तीन वर्षांत दिसू लागतात. नावाने हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, बोलणे उशिरा येते किंवा येतच नाही. कुकरची शिट्टी, गर्दी, अंगावरच्या कपड्याची शिवण असे काही त्याला असह्य होते. रोजचा क्रम बदलला की ते सैरभैर होते. प्रत्येक मुलात या गोष्टींचे प्रमाण वेगळे असते. काही मुले पुढे महाविद्यालयापर्यंत जातात, काहींना आयुष्यभर आधार लागतो.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरने अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून या अवस्थेचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. त्या अकरा मुलांचे पालक बहुतेक उच्चशिक्षित होते. त्यावरून ही सुशिक्षित घरांतली व्याधी आहे असा समज पसरला आणि तो कित्येक वर्षे टिकला. वास्तविक गरिबाचे मूल कॅनरच्या दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असाही सिद्धान्त निघाला. तो नंतर खोटा ठरला, पण तोवर असंख्य मातांनी तो दोष वाहिला. आपल्याकडे त्या दोषाला करणी, देवाचा कोप, मागच्या जन्मीचे पाप अशी नावे आहेत. बाबासाहेबांच्या विचारांनी आपण देवस्की सोडली, तरी गावातली कुजबूज आईला सोडत नाही.

कायद्यानेही उशीरच केला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले, आणि तो कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या स्वमग्न तरुणाच्या बालपणी त्याच्या अवस्थेला दाखल्यावर धड नावही नव्हते.

(३)

आता उपचारकाचे काम. स्वमग्नतेवर गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही. उपचार म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाबरोबर रोज थोडा थोडा वेळ, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे केलेले काम.

या कामाचे तीन मुख्य भाग आहेत. व्यवसायोपचार करणारी व्यक्ती मुलाचे शरीर आणि त्याच्या संवेदना यांवर काम करते. झोपाळा, मोठा चेंडू, वाळू, कणीक अशा साधनांतून मुलाला स्पर्श, तोल आणि आवाज सहन करायला, मग त्यांचा उपयोग करायला शिकवते. जेवणे, बटण लावणे, शौचाला जाणे हेही त्यातच येते. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी या विषयाचे देशातले पहिले विद्यालय सुरू केले. म्हणजे या विद्येचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. दुसरा भाग वाचा-उपचाराचा. मूल बोलत नसेल तर चित्र, खूण, हावभाव यांतून त्याने आपली गरज कशी सांगावी हे शिकवायचे. तिसरा भाग विशेष शिक्षकाचा.

पाऊण तासाचे सत्र बाहेरून खेळासारखे दिसते. ‘तुम्ही तर नुसत्या खेळता’ असे उपचारकांना ऐकावे लागते. पण त्या पाऊण तासात ती जमिनीवर बसलेली असते, मुलाचे वजन पेलत असते, त्याची लाळ पुसत असते, चावा किंवा ओरबाडा चुकवत असते, आणि हे सर्व चेहऱ्यावर राग किंवा भीती न आणता. मूल का चिडले याचा माग काढताना तिचे डोळे त्याच्यावरून हलत नाहीत. चेहरा आणि मन सतत ताब्यात ठेवणे हाही श्रम आहे. अर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात या भावनिक श्रमाची प्रथम मांडणी केली. गिरणीच्या यंत्रावरचा कामगार मनात शिव्या घालू शकतो. उपचारकाने मनात शिवी घातली तर ती हाताच्या स्पर्शातून मुलाला कळते.

सत्र संपल्यावर नोंदी लिहायच्या, पुढच्या सत्राची चित्रे कापायची, आईला घरी करायचे व्यायाम समजावून सांगायचे. हा वेळ हिशेबात धरला जात नाही.

(४)

हे काम करणाऱ्यांना नेमते कोण? जिल्ह्यात आणि एकूणच ग्रामीण महाराष्ट्रात मला तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार सरकारी, पण कंत्राटी. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोकणातल्याच पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अंगणवाड्या आणि शाळांतून मुलांची तपासणी करायची आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी ती योजना आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु तेथील वाचा-उपचारक, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक ही पदे राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालची, म्हणजे वर्षाच्या आतल्या मुदतीच्या करारावरची. दर वर्षी नवा आदेश निघेपर्यंत टांगती तलवार. मार्च २०२४ मध्ये शासनाने दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा निर्णय घेतला, आणि त्याच निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर जावे लागले, यातच सर्व आले.

दुसरा प्रकार खाजगी केंद्रांचा. येथे बहुधा महिन्याचा पगार नसतो, सत्रामागे पैसे मिळतात. मूल आले नाही तर पैसे नाहीत. कोकणात याचा अर्थ काय होतो तो पाहा. जून-जुलैत भाताची लावणी असते, आई शेतावर जाते. पावसात घाटात दरड कोसळते, एस.टी. येत नाही. गणपतीत आणि शिमग्यात आठ-पंधरा दिवस केंद्र ओस पडते. खोलीचे भाडे, जाण्यायेण्याचा खर्च आणि पोट यांना मात्र सुट्टी नसते. मला माहीत असलेली एक उपचारक चार महिने पावसाळ्यात शिकवण्या घेऊन भागवते.

तिसरा प्रकार संस्थांच्या विशेष शाळांचा. रत्नागिरीत आविष्कारसारखी संस्था मतिमंद मुलांसाठी शाळा आणि कार्यशाळा चालवत आली आहे, आणि अशा संस्थांमुळेच जिल्ह्यात या कामाची परंपरा निर्माण झाली. परंतु जिल्हा लांबट आहे. मंडणगड ते रत्नागिरी हे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. एका शहरातल्या संस्थांनी नऊ तालुक्यांची गरज भागवावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

कायदे या कामाकडे कसे पाहतात? १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने वाचा-उपचारक, विशेष शिक्षक इत्यादींना नोंदणी सक्तीची केली. व्यवसायोपचारकांसाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे, आणि २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यातही त्यांचा समावेश झाला. हे आवश्यकच होते, कारण नोंदणीशिवाय भोंदूपणा बोकाळतो. पण हे कायदे उपचारकाची पात्रता तपासतात. तिला किमान काय मिळावे, तिने दिवसात किती मुले पाहावीत, याविषयी ते मौन पाळतात. कामगार कायद्यांचे संरक्षण मिळावे तर केंद्रात तीन-चारच माणसे असतात. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत दुकाने आणि आस्थापनांसाठी दहा माणसांचा उंबरठा कायम आहे. त्या उंबरठ्याच्या आत या मुली येत नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांना वाढवणाऱ्या स्त्रीला स्वतःचे मूल व्हायची वेळ आली की काम सोडावे लागते.

येथे एक इतिहास आठवावा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. ही भूमिका मान्य केली तर मालकाकडे नऊ माणसे आहेत की अकरा, हा प्रश्नच उरत नाही.

(५)

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कंत्राट तुटले की उपचारक बदलते. कारखान्यात माणूस बदलला तर यंत्राला फरक पडत नाही. स्वमग्न मुलाचे तसे नसते. ओळखीचा चेहरा, ठरलेली जागा, ठरलेला क्रम यांवर त्याचा विश्वास उभा असतो. एका माणसाचा हात हातात घ्यायला त्याला तीन-चार महिने लागतात. त्यानंतर कुठे शिकणे सुरू होते. तेवढ्यात आदेश संपतो. संगमेश्वर तालुक्यातली एक आई मला म्हणाली, “गुरुजी, नवी बाई आली नि पोरगा परत भिंतीकडं तोंड करून बसाया लागला. आता पयल्यापासून सारं.” ती मजुरी बुडवून, दोन एस.टी. बदलून येत होती. पुढच्या महिन्यापासून ती येईनाशी झाली. कागदावर अशा मुलाची नोंद ‘पालकांचे सहकार्य नाही’ अशी होते.

पैसेवाल्या पालकाला मार्ग असतो. तो त्याच उपचारकाला घरी बोलावतो किंवा कोल्हापूर-पुण्याला बिऱ्हाड करतो. आपल्या वाडीतल्या पालकाला सरकारी केंद्राखेरीज मार्ग नाही. म्हणून उपचारकाच्या नोकरीचे स्थैर्य हा उपचाराचाच भाग आहे. औषधाचा साठा नसेल तर आपण रुग्णालयाला जाब विचारतो. येथे औषध म्हणजे तो माणूसच आहे.

(६)

ही परिस्थिती इतकी वर्षे का खपते? माझ्या मते त्यामागे ‘सेवा’ या शब्दाची मोठी कामगिरी आहे. ‘तुम्ही पुण्याचे काम करता’, ‘ही देवाची लेकरे आहेत’ असे म्हटले की पगाराची गोष्ट काढणे अशोभनीय ठरते. सत्काराला शाल-श्रीफळ मिळते, भविष्यनिर्वाह निधी मिळत नाही.

आपल्याला हा शब्द नीट ओळखता यायला हवा. वर्णव्यवस्थेने शूद्रांच्या वाट्याला जे दिले ते ‘सेवा’ याच नावाने दिले. महार वतन म्हणजे काय होते? कामाचे तास नाहीत, कामाची यादी नाही, घरातल्या कुणालाही केव्हाही बोलावता येते, आणि मोबदला गावाच्या मर्जीवर. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ पासून विधेयक आणून लढा दिला, आणि वतन कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. आजच्या कंत्राटी उपचारकाची स्थिती वतनदार महारासारखी आहे असे मी म्हणत नाही. ती शिकलेली आहे, तिला काम सोडता येते, तिच्यावर जन्माचा शिक्का नाही. परंतु श्रमाला सेवा म्हणायचे, वेतनाला मानधन म्हणायचे आणि हिशेब टाळायचा, ही रीत जुनीच आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे असे ठरवले. शब्दामागे दडलेला श्रम न्यायालयाला दिसला. तो आपल्यालाही दिसला पाहिजे.

सावित्रीबाईंचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले आणि त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. तो त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. त्याचा दाखला देऊन दुसऱ्याच्या मुलीला अर्ध्या पगारावर राबवणे हा सावित्रीबाईंचा अवमान आहे.

(७)

उपचाराच्या खोलीतही जात पोहोचली आहे, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तेथे सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्णांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तेथे लाळेमुळे आपल्याला बाहेर ठेवले गेले. आज मी पाहिलेल्या काही ठिकाणी लाळ, लघवी, मळ यांचे काम आले की ते अलगद मदतनीस बाईकडे सरकते. तिला मावशी म्हणतात, आणि ती बहुधा आपल्याच वाडीतली असते. शौचाची सवय लावणे हा उपचाराचा महत्त्वाचा भाग आहे. मुलाला केव्हा जावेसे वाटते हे मावशीच सर्वांत आधी ओळखते. परंतु तिचे निरीक्षण नोंदवहीत येत नाही, प्रशिक्षणाला तिला पाठवत नाहीत, आणि पगार कपातीची पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. पदवीधर उपचारकांनी आपल्या हक्कांची भाषा बोलताना मावशीला वगळले, तर तीही नवी उतरंडच होईल.

दुसरीकडे, आपल्या मुली पदवीपर्यंत पोहोचतात तेव्हाही वाट सोपी नसते. व्यवसायोपचाराची पदवी साडेचार वर्षांची असते, महाविद्यालये मुंबई-नागपूरसारख्या शहरांत असतात. कर्ज काढून, वसतिगृहात राहून मुलगी शिकते, गावाकडे परत येते आणि तिच्या हातात वर्षाच्या आतला करार पडतो. मग ती पुन्हा मुंबईला जाते. जिल्ह्यात उपचारक मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

(८)

यावर एक उत्तर सुचवले जाते. पदवीधर पुरेसे नाहीत, तर गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण द्यावे. याला आधार आहे. गोव्यातील संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील कार्यकर्ते यांनी मिळून ६५ स्वमग्न मुलांवर एक प्रयोग केला. त्यात पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालक आणि मूल यांच्यातील संवादात सुधारणा दिसली.

मी या मार्गाचे स्वागत करतो. पदवीच्या भिंतीआड ज्ञान कोंडून ठेवणे आपल्या विचारात बसत नाही. परंतु दोन धोके आहेत. एक, त्या प्रयोगात कार्यकर्त्यांवर तज्ज्ञांची सतत देखरेख होती. ती काढून फक्त ‘स्वस्त माणूस’ तेवढा उचलला जाईल. दुसरा, आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या डोक्यावर आधीच असलेल्या ओझ्यात मानधनाची आणखी एक चिठ्ठी वाढेल, आणि उरलेला भार आईवर टाकला जाईल. जी आई दिवसभर मच्छी सोलते किंवा आंब्याच्या बागेत राबते, तिला घरी रोज दोन तास व्यायाम घ्या म्हणणे सोपे आहे. तिची मजुरी कोण भरून देणार?

(९)

तेव्हा करायचे काय? कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक या तिघांपुढे मी काही सूचना ठेवतो.

एक : माहितीच्या अधिकाराखाली आपल्या जिल्ह्यातील उपचारकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि गेल्या पाच वर्षांत एका पदावर किती माणसे बदलली, हे मागवावे. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. आंदोलनाची मागणी त्यावर उभी करता येईल.

दोन : ही पदे कायम असावीत, आणि तोवर निदान एवढे व्हावे की जुनी उपचारक जाताना नवी तिच्याबरोबर एक महिना त्याच खोलीत काम करील. यात खर्च थोडा आणि मुलाचा लाभ मोठा आहे. शाळांच्या बाबतीत शासन हलले आहे. विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. त्याआधी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकामागे मुलांचे प्रमाण ठरवून दिले होते. आरोग्य खात्याला हा न्याय का लागू नये?

तीन : ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती बहुधा घरटी थोडी थोडी वाटून संपते. तालुक्यातल्या ग्रामपंचायती एकत्र आल्या आणि पंचायत समितीने पुढाकार घेतला, तर तालुक्याच्या गावी उपचारकाची सोय करण्याची मागणी रेटता येईल.

चार : खाजगी केंद्रांत सत्राच्या पैशांबरोबर महिन्याची किमान रक्कम ठरवून घ्यावी, आणि नोंदी लिहिण्याचा वेळ कामाचा धरावा. उपचारकांनी आणि मदतनिसांनी एकच संघटना करावी. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे फार थोड्या मुलींना ठाऊक आहे. ते सांगण्याचे काम आपण करू शकतो.

पाच : शिक्षकांनी वर्गातल्या ‘हट्टी’, ‘येड्या’ म्हणून मागे बसवलेल्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहावे, आणि बारावी शास्त्र झालेल्या आपल्या मुलामुलींना या अभ्यासक्रमांची माहिती द्यावी. आपल्या वाडीची बोली बोलणारी उपचारक आणि शहरातली पुस्तकी मराठी बोलणारी उपचारक यांत, अजून न बोललेल्या मुलाच्या दृष्टीने, फार मोठे अंतर असते.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. त्या तालुक्यातल्या एखाद्या आईला आपल्या मुलासाठी आठवड्यातून दोनदा, त्याच ओळखीच्या उपचारकाकडे, एका एस.टी.च्या अंतरावर जाता आले पाहिजे, आणि त्या उपचारकाला पुढच्या वर्षी आपण येथेच असू याची खात्री असली पाहिजे. ही मागणी फार मोठी नाही. ती लावून धरणारे मात्र आज कोणी नाही. ते काम आपण हाती घ्यावे, एवढेच माझे सांगणे आहे.